राजवाड्यातलं स्टूल, बुडालेलं जहाज आणि आईचं जोधपूर

सुतारपक्षी
आईचं गिरगावातलं घर रिकामं करतेय. इमारत पुनर्विकासाला गेली, पंधरा दिवसांत सगळं हलवायचंय. पितळेची भांडी, जाती, नानांची हत्यारांची पेटी, सगळ्याची वाटणी झाली. अडलंय ते एका स्टुलावर.

हे स्टूल आमच्याकडे 'महाराजांचं स्टूल' म्हणूनच ओळखलं जातं. बसकं, गोलसर कोपऱ्यांचं, कडेला पायऱ्यांसारख्या तीन रेघा. आजी सांगायची की जोधपूरच्या महाराजांनी नानांना बक्षीस दिलं, राजवाड्याच्या बर्मा टीकचं आहे. परवा पॉलिशवाला आला, नखाने खरवडून बघितलं आणि म्हणाला, "बाई, हे बर्मा टीक नाही. आपलं साधं सागवान आहे." आईने त्याला चहा न देता घालवलं. ती ८६ वर्षांची आहे, एवढं चालायचं.

आता मूळ गोष्ट. नाना म्हणजे आईचे वडील, मालवणकडचे सुतार. गिरगावात एका फर्निचरच्या कारखान्यात कामाला होते. जोधपूरचा उमेद भवन राजवाडा तेव्हा पुरा होत आला होता. त्याचं फर्निचर लंडनच्या मेपल कंपनीकडून यायचं होतं. १९४२ मध्ये ते जहाज जर्मनांनी बुडवलं. मग सगळं पुन्हा इथेच बनवायचं ठरलं आणि त्यासाठी कारागीर गोळा केले, त्यात नाना. आजीचं लाडकं वाक्य होतं, "हिटलरान जहाज बुडवल्यान म्हणान आमच्या चुलीत जाळ."

१९४३ ला नाना गेले, सहा महिन्यांनी आजी आणि पाच वर्षांची आई. मुंबईहून अहमदाबाद, तिथून मीटर गेजने मारवाड जंक्शन, मग जोधपूर रेल्वे. खिडकी बंद ठेवूनही मांडीवर वाळूचा थर. राजवाडा टेकडीवर आणि यांच्या खोल्या खाली, कामगारांच्या ओळीत. आईला राजवाडा आठवतो तो मुख्यतः खालून: संध्याकाळी पिवळा, मग गुलाबी, मग एकदम काळा. आंधी आली की तो दिसेनासा व्हायचा. आई म्हणायची, "आज राजवाडा पुसला."

आजीची मुख्य तक्रार उन्हाची नव्हती, माशांची होती. शेजारी सगळे शाकाहारी मारवाडी. एकदा आजोळहून सुक्या बोंबलांचं पार्सल आलं. ते स्टेशनवरून घरी येईपर्यंत अख्ख्या ओळीला कळलं होतं, आणि चार दिवस आजीला विहिरीवर कोणी शेजारी उभं केलं नाही.

आत जायचा योग आईला एकदाच आला. राजवाड्याच्या पोटात, जमिनीखाली पोहण्याचा तलाव आहे, तिथे सोनेरी रंगात बारा राशींची चित्रं आहेत. नानांच्या मुकादमाने दुपारी सगळं सामसूम असताना दोन-तीन पोरांना दाखवून आणलं. आई धावत घरी. "आये, राजाकडे मासे आहेत! सोन्याचे!" ती मीन रास होती. आजी भाकरी थापता थापता म्हणाली, "मगे दोन हाड थंयसून."

तर प्रश्न असा: स्टूल राजवाड्याचं आहे का, हे कसं ओळखायचं? आईला खोटं पाडायचं नाहीये. मलाच जाणून घ्यायचंय.

माजघर
बोंबलांच्या पार्सलवर एक वेगळा धागा हवा. 😀 आमच्या आत्याने इंदूरला हाच पराक्रम केला होता.

रेघोट्या
सुतारपक्षी, कसला सुंदर धागा. मी वास्तुविशारद आहे, विद्यार्थी असताना त्या इमारतीची रेखाटनं केली होती, म्हणून चार गोष्टी.

राजवाड्याचा वास्तुविशारद हेन्री व्हॉन लँचेस्टर. पायाभरणी नोव्हेंबर १९२९, काम संपलं १९४३. ३४७ खोल्या. मधला घुमट शंभर फुटांहून उंच. दगड तिथलाच, छीतर टेकडीच्या भागातला वालुकाश्म. म्हणून जुने लोक त्याला 'छीतर पॅलेस'च म्हणतात. भिंतींत चुना-सिमेंटचा गिलावा करून दगड चिकटवलेले नाहीत, एकमेकांत खाचा करून बसवलेत. म्हणजे तुमच्या नानांनी लाकडात जे केलं, ते पाथरवटांनी दगडात केलं. खाच आणि कुसू, म्हणजे खाचेत बसणारं टोक.

बाहेरून ती इमारत थोडी मंदिर, थोडी इंग्रजी कचेरी वाटते. आत मात्र शुद्ध आर्ट डेको, म्हणजे सरळ रेषा आणि पायऱ्यापायऱ्यांच्या नक्षीची शैली, आपल्या इरॉस किंवा रीगल थिएटरच्या जातकुळीतलं. हे केलं स्टेफान नॉर्ब्लिन नावाच्या पोलिश चित्रकाराने. १९३९ मध्ये पोलंडवर हल्ला झाल्यावर तो बायकोला घेऊन निघाला, फिरत फिरत मुंबईत पोचला. मोरवीच्या राजवाड्यात त्याने काम केलं, मग जोधपूरला. तिथे त्याची रामायणातली भित्तिचित्रं आहेत. वॉर्सामध्ये पोस्टरं रंगवणारा माणूस आणि समोर राम, सीता, रावण! तिथला रावण बघण्यासारखा आहे.

कडेच्या 'पायऱ्यांसारख्या तीन रेघा' म्हणताय ना, ती डेकोची खूणच. पण गिरगावातल्या कारखान्यांतही १९४० च्या आसपास हेच चालायचं, त्यामुळे तेवढ्यावर काही सिद्ध होत नाही.

आता बर्मा टीकबद्दल. राजवाड्यात बर्मा टीक भरपूर वापरलंय हे खरं. पण १९४२ च्या मध्यापर्यंत ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला होता. तुमचे नाना १९४३ ला गेले. तेव्हा तिकडून नवं लाकूड येणं कठीणच, असेल तो आधीचा साठा. म्हणजे पॉलिशवाला बरोबर असूनही आजी बरोबर असू शकते. आईंना सांगा, त्या पॉलिशवाल्याला चहा देऊन टाका.

स्टुलाचा खालून फोटो टाका. वरून सगळं फर्निचर खोटं बोलतं.

कडूकारलं
छान आठवणी. पण एक मुद्दा राहतोय, रागावू नका. हा राजवाडा 'दुष्काळी काम' म्हणून बांधला असं नेहमी कौतुकाने सांगितलं जातं. मारवाडात सलग पाऊस पडला नाही, लोकांच्या हाताला काम हवं, म्हणून महाराजा उमेद सिंगांनी बांधकाम काढलं. दोन-तीन हजार माणसं वर्षानुवर्षं राबली. खर्च त्या काळचा कोटीच्या घरात. दुष्काळात तलाव खोदता आले असते, बंधारे घालता आले असते. ३४७ खोल्यांनी कोणाची तहान भागली?

आमच्याकडे ७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला गेली होती. सुकडी खाऊन दिवस काढले. पण निदान रस्ता तरी झाला, पाझर तलाव झाला. आजही एसटी त्याच रस्त्याने येते.

सुतारपक्षी
कडूकारलं, रागावले नाही. नानांना हाच प्रश्न माझ्या मामाने विचारला होता, मामा तेव्हा लाल बावट्यात होता. नाना म्हणाले, "तू म्हणतोस ते खरं. पण दुष्काळात माणूस काय बांधतोय ते बघत नाही, शनिवारी हातावर काय पडतं ते बघतो." मामा दोन दिवस जेवताना बोलला नाही.

आणि हो, पाण्याचा मुद्दा. आई सांगते की पखालवाले भिश्ती यायचे. एक हंडा प्यायला, एक बाकी सगळ्याला. भांडी राखेने कोरडीच घासायची आणि मग फडक्याने पुसायची. आई अजून तशीच घासते, मोलकरणी टिकत नाहीत.

मरुमराठी
बँकेच्या नोकरीत बदली होऊन जोधपूरला आले ती एकतीस वर्षं झाली इथेच आहे. घराच्या गच्चीतून राजवाडा दिसतो, म्हणून लिहिल्यावाचून राहवेना.

दुष्काळाची इथे एक दंतकथा आहे. राव जोधांनी १४५९ ला मेहरानगड बांधायला घेतला तेव्हा त्या टेकडीवर एक साधू राहायचा, पक्ष्यांचा राजा म्हणायचे त्याला. त्याला उठवलं तेव्हा त्याने शाप दिला की तुझ्या राज्यात पाणी मिळणार नाही. माझी शेजारीण अजून नळ गेला की त्या बाबालाच बोल लावते, पाणीपुरवठा खात्याला नाही. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा 'छप्पनिया' दुष्काळ तर इथल्या बोलण्यात रुतून बसलाय. खा खा करणाऱ्या पोरालाही 'छप्पनियातला' म्हणतात.

कडूकारलं यांचा मुद्दा इथेही लोक मांडतात. पण सूरसागरकडच्या पाथरवटांच्या घरी जाऊन बघा. राजवाड्यासाठी खाणीपासून खास रेल्वेचे रूळ टाकले होते, त्यावरून दगड आला. "आमच्या आजोबांनी घडवलाय" हे ते ज्या तोऱ्यात सांगतात, तो तोरा 'बापजीं'कडेही नसेल. (बापजी म्हणजे महाराजा गज सिंग, इथे सगळे तसंच म्हणतात.)

आता राजवाड्याचे तीन भाग आहेत. एकात राजघराणं राहतं, एकात ताजचं हॉटेल, एकात संग्रहालय. संग्रहालयाचं तिकीट काढून कोणीही जाऊ शकतं, हॉटेलात मात्र चहालाही हात आखडता घ्यावा लागतो. २०१८ च्या डिसेंबरात प्रियांका चोप्राचं लग्न इथेच झालं, तेव्हा आमची गच्ची शेजारपाजारच्यांनी भरली होती. दिसली फक्त आतषबाजी.

सुतारपक्षी, तुमच्या आईंना विचारा, त्यांना 'सोगरा' आठवतो का?

सुतारपक्षी
विचारलं. म्हणाली, "बाजरीचा, जाड, तुपात बुडवलेला. माझ्या मैत्रिणीच्या घरी मिळायचा. मैत्रिणीचं नाव आठवत नाही, सोगरा आठवतो." मग बराच वेळ गप्प बसली.

माजघर
केर-सांगरी आणि मिरची वडा यांचा उल्लेख झाल्याशिवाय जोधपूरचा धागा पूर्ण मानता येत नाही. झाला उल्लेख. पुढे चालू द्या.

निवृत्त_वायुपुत्र
बरेच दिवसांनी लिहितोय. सत्तरच्या दशकात जोधपूरला पोस्टिंग होतं. धावपट्टीवर उतरताना राजवाड्याचा घुमट समोर यायचा.

हे महाराजा उमेद सिंग विमानवेडे. १९२० च्या दशकातच त्यांनी जोधपूरला विमानतळ केला. युरोपातून पूर्वेकडे जाणारी केएलएम आणि इम्पीरियल एअरवेजची विमानं तिथे थांबायची. विचार करा, आपल्याकडे कोकणात बोटीशिवाय गत्यंतर नव्हतं तेव्हा हॉलंडचा माणूस जोधपूरला उतरून पुढे जात होता. युद्धाच्या काळात वैमानिकांचं प्राथमिक शिक्षणही तिथे चालायचं. सुतारपक्षी यांच्या आईंना डोक्यावरून घिरट्या घालणारी दोन पंखांची छोटी विमानं आठवत असतील.

त्या घराण्याला विमानानेच दगा दिला. उमेद सिंग राजवाडा झाल्यावर जेमतेम चार वर्षांत, जून १९४७ मध्ये आजाराने गेले. मुलगा हनवंत सिंग, तोही वैमानिक. पहिल्या निवडणुकीत काँग्रेसविरुद्ध उभा राहिला, जोधपुरातून जयनारायण व्यासांसारख्या नेत्याला हरवलं. पण निकाल ऐकायला तो नव्हता. २६ जानेवारी १९५२ ला स्वतःच चालवत असलेलं विमान कोसळलं, बरोबर पत्नी झुबेदा होती. वय अवघं २८. गादीवर आला तो चार वर्षांचा गज सिंग.

सुतारपक्षी
काका, विमानं आठवतात! "कपडे वाळत घातले की यायची," असं म्हणाली. त्याचा अर्थ काय ते विचारू नका.

१९५२ ची बातमी आमच्या घरात वेगळ्या तऱ्हेने आठवतात. नाना तेव्हा परत गिरगावात होते. महाराज गेल्यावर काम मंदावलं, फाळणीच्या धामधुमीत हे लोक कसेबसे मुंबईला पोचले होते. पेपरात अपघाताची बातमी वाचून नानांनी तो दिवस कारखान्यात खाडा केला. आजी म्हणाली, "तुमका काय, तो राजा तुमका वळखत तरी होतो काय?" नाना म्हणाले, "त्याच्या खोलीतलं कपाट माझं होतं."

खरंच हनवंत सिंगांच्या खोलीतलं होतं का कोण जाणे. पण आमच्या घरात राजघराण्यातल्या माणसांची ओळख अशी होती, कोणाकडे कपाट, कोणाकडे पलंग, कोणाकडे आरशाचं टेबल. चेहरे कोणाचे पाहिलेच नव्हते.

पंचगंगेकाठी
नॉर्ब्लिन वाचून थबकलो. आमचं गाव कोल्हापूरजवळच्या वळिवड्याशेजारी. त्याच वर्षांत, १९४३ पासून, वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, जवळपास पाच हजार माणसं, बरीचशी बायका-पोरं. माझ्या आजोबांचं दूध तिथे जायचं. 'जेन डोबरी' हे पोलिश नमस्काराचे शब्द आजोबा मरेपर्यंत म्हणायचे, म्हशीला. २०१९ ला तिथे स्मारक झालं तेव्हा छावणीत वाढलेली म्हातारी माणसं आली होती.

म्हणजे एक पोलिश माणूस वाळवंटात राजासाठी रावण रंगवतोय आणि त्याच वेळी त्याच्याच देशाची पोरं पंचगंगेत डुंबतायत. नॉर्ब्लिनचं पुढे काय झालं?

रेघोट्या
१९४६ मध्ये तो अमेरिकेला गेला. तिथे काही जमलं नाही. १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याने आत्महत्या केली. जोधपूरची चित्रं पुढे अनेक वर्षं दुर्लक्षित राहिली, रंग सुटायला लागले. मग पोलंडहूनच जाणकार आले आणि त्यांनी ती नीट केली.

हनवंत सिंगही १९५२, हाही १९५२. योगायोग म्हणून सोडून द्या.

सुतारपक्षी, खालचा फोटो?

सुतारपक्षी
टाकलाय. पाच तास उशीर, कारण स्टूल उलटं करायला आई परवानगी देईना.

बघा, बैठकीच्या फळीला आडवी भेग आहे. नाना सांगायचे की मुंबईच्या दमट हवेत मुरलेलं लाकूड तिकडे नेलं की महिन्यात आक्रसायचं. रात्री कारखान्यात आवाज यायचे, टक्, टक्, फळ्या फुटल्याचे. वरचा पातळ पापुद्रा पापडासारखा उठायचा. सुरुवातीचं बरंच काम वाया गेलं. मग स्थानिक खात्यांनी शिकवलं (तिकडच्या सुतारांना खाती म्हणतात) की लाकूड आधी तिथल्याच वाऱ्यावर ठेवायचं, पूर्ण एक उन्हाळा खाऊ द्यायचा, मगच रंधा लावायचा. नाना म्हणायचे, "मालवणात लाकूड फुगतं, तिथे रुसतं." परत आल्यावर गिरगावातल्या मुकादमाला ते हेच ऐकवत राहिले, त्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

आणि खाली एका कोपऱ्यात पेन्सिलने काहीतरी लिहिलंय. मोडी असावं. आम्हाला कोणालाच येत नाही. इतकी वर्षं कोणी उलटं करून बघितलंच नव्हतं.

रेघोट्या
भेग बैठकीच्या मधोमध आणि पायांचे सांधे मात्र शाबूत, म्हणजे लाकूड न मुरता वापरलेलं पण हात चांगला. सुरुवातीच्या 'वाया गेलेल्या' खेपेतलं असावं असा माझा अंदाज. वर कडेच्या रेघा हाताने कोरल्यात, यंत्राच्या नाहीत. डावीकडची तिसरी रेघ केसभर ढळलीय. मला वाटतं तिथेच निकाल लागला.

मोडीवाला कोणीतरी बोलवा.

मोडीवेडा
बोलावलंत म्हणून आलो. पेन्सिल पुसट आहे, फोटो मोठा करून बघितला. पहिला शब्द 'उंची', पुढे १७. सुतारकामातले १७ म्हणजे इंचच. खाली 'कुसू सैल'. यात मला शंका नाही. मग एकच शब्द सुटा, जरा जाड दाबून लिहिलेला, 'परत'.

इथे मी थांबतो. 'परत' म्हणजे पुन्हा करायचं, की परत आलेलं, नाकारलेलं? नानांना त्यात फरक वाटला नसेल, लिहिणाऱ्याला माहीतच असतं.

कडूकारलं
म्हणजे महाराजांचं बक्षीस नव्हे, महाराजांनी नाकारलेलं! मला तर हे जास्त आवडलं.

मरुमराठी
नाकारलेलं कशावरून? 'परत करायचं' म्हणून बाजूला ठेवलं आणि मग राहून गेलं असेल. माझ्याकडे तीन पोलकी अशी पडलीत.

सुतारपक्षी
आईला वाचून दाखवलं. घाबरत घाबरतच.

आधी म्हणाली, "मोडी वाचणारा कोण आहे, विश्वासाचा आहे ना?" मग थोड्या वेळाने हसायला लागली. म्हणे, नाना त्या स्टुलावर कोणालाच बसू द्यायचे नाहीत. पाहुणा आला की पटकन खुर्ची पुढे करायचे. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की राजाची वस्तू म्हणून मान. "अगं, डुगडुगायचं ते!" आई म्हणाली. "मी लहानपणी एकदा पडलेय त्याच्यावरून. बाबांनी मला उचललंच नाही, आधी स्टूल उचलून पाय बघितला."

पॉलिशवाला उद्या पुन्हा येतोय. आईने सांगितलंय की वरून हवं ते कर, खालच्या बाजूला हात लावलास तर बघ. चहाचं अजून ठरलेलं नाही.